उजव्या हाताची सुनावणी

शंकरप्पा आतापर्यंत तीन सुनावण्या हरला होता, त्यामुळं गल्लीत या विषयातला जाणकार माणूस तोच. जिंकणारा एकदाच जातो आणि पेढे घेऊन घरी येतो. त्याला काय कळणार? हरणाऱ्याला पुन्हा पुन्हा जावं लागतं, म्हणून त्याचा अभ्यास होतो. हे शंकरप्पाचं स्वतःचं म्हणणं होतं आणि गल्लीनं ते मान्य केलं होतं, कारण गल्लीतलं दुसरं कुणी कोर्टाची पायरी चढलेलंच नव्हतं.

तर शेजारच्या सिद्धाप्पाच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो त्याच्या ओट्यावर खुर्ची टाकून न्यायाधीश होऊन बसला. अंगावर स्कूटर झाकायचं काळं कव्हर घेतलं होतं. समोर सिद्धाप्पा उभा, हातात पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला.

"उजव्या हातात धर," शंकरप्पा म्हणाला. "हां. आता पाड."

सिद्धाप्पानं पेला सोडला आणि फरशीला लागायच्या आत डाव्या हातानं झेलला. पाणीसुद्धा सांडलं नाही.

"अरे, पाड म्हटलं की!"

"पाडला की."

"मग झेललास कशाला?"

"पडला म्हणून."

असं अकरा वेळा झालं. सिद्धाप्पाची बायको सुंदरम्मा दारात गहू निवडत बसली होती. ती म्हणाली, "अकरा वेळा पडून माझ्या पेल्याला एक पोचा न्हाय. आसला कसला अपंग म्हनायचा हा?"

आणि हीच तर सिद्धाप्पाची खरी अडचण होती.

सत्तावीस वर्षं सिद्धाप्पा यंत्रमागावर टॉवेल विणत होता. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मागाच्या दातेरी चाकात त्याचा उजवा हात गेला. हाडं जुळली, जखमा भरल्या, पाचही बोटं आपापल्या जागी राहिली. बघणारा म्हणायचा, वा, नशीबवान आहेस. पण अंगठा आणि पहिली दोन बोटं यांच्या शेंड्यांतून काहीतरी निघून गेलं ते परत आलं नाही. मूठ आवळली की आवळली जायची. बादली उचलली की उचलली जायची. फक्त धागा धरला, की आपण धागा धरलाय हे हाताला कळायचं नाही.

हे ज्याला लहान वाटतं तो मागावर उभा राहिलेला नाही. मागावर हजारो धागे ताणलेले असतात आणि त्यातला कुठला तरी एक दर थोड्या वेळानं तुटतो. तो कुठं तुटला हे डोळ्याला उशिरा दिसतं. बोटाला आधी कळतं. बोट धाग्यांवरून फिरवायचं, टोक चिमटीत पकडायचं, गाठ मारायची, फणीतून ओवायचं, माग सुरू. सगळं मिळून एवढा वेळ, की शेजारच्यानं शिंक दिली तर ती पूर्ण व्हायच्या आत. सिद्धाप्पाला आता तेवढ्यात धाग्याचं टोकसुद्धा सापडत नव्हतं.

कामगार विम्यात याची सोय आहे. कामावर इजा होऊन कायमचं अपंगत्व आलं, तर डॉक्टरांचं मंडळ ते किती टक्के आहे हे ठरवतं आणि तेवढ्या टक्क्यांवर दरमहा, जन्मभर भत्ता मिळतो. सिद्धाप्पाला मंडळापुढं हजर राहायचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की हाताची तपासणी होईल.

सिद्धाप्पाला आयुष्यात हाताची तपासणी एकच ठाऊक होती. नव्या कारखान्यात कामाला जायचं, तिथला जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, हात बघतो, मागावर उभं करतो, हात चांगला असेल तर काम देतो. अशा सात तपासण्या तो पास झाला होता. म्हणून पत्र आल्या दिवसापासून त्यानं तयारी सुरू केली. एकवीस दिवस रोज सकाळ-संध्याकाळ रबरी चेंडू दाबला. बदाम खाल्ले. मंडळापुढं गेला तेव्हा त्यांनी मुठीचा जोर मोजायचं यंत्र हातात दिलं. सिद्धाप्पानं ते असं आवळलं, की यंत्र धरून उभा असलेला शिपाई म्हणाला, "काका, हे सरकारी आहे."

डॉक्टरांनी विचारलं, "काम जमतं का?"

"सगळं जमतं की."

"काही त्रास?"

"काय न्हाय."

घरी येऊन त्यानं सुंदरम्माला सांगितलं, लई चांगलं झालं. तिनं शेजारीपाजारी साखर वाटली. महिन्याभरानं कागद आला. सिद्धाप्पाची लेक रेश्मा एका झेरॉक्सच्या दुकानात काम करायची. तिनं तो कागद दोनदा वाचला आणि ओट्यावर बसली.

"अप्पा, चार टक्के."

"फक्त? मी तर लई जोर लावला होता."

"अप्पा, तुम्ही जोर लावला म्हणूनच चार."

समजावून सांगायला तिला संध्याकाळ गेली. समजल्यावर सिद्धाप्पा एवढंच म्हणाला, "आधी सांगायचं की." मग रेश्मानं अपील केलं. अपिलाला डॉक्टरांच्या मंडळाच्या वर एक न्यायाधिकरण असतं, तिथं न्यायाधीश बसतात, शेजारी दोन डॉक्टर सल्ल्याला. त्यानंतर कुठं जायचं हे रेश्मानं विचारून बघितलं होतं, आणि ज्याला विचारलं त्यानं आधी वकिलाची फी सांगितली होती. म्हणजे ही शेवटचीच.

आणि घाई होती. अपघातानंतर गेलं दीड वर्ष सिद्धाप्पा मागावर उभा राहत होता, पण त्याच्या मागांवरच्या गाठी मारत होता शेजारच्या मागांवरचा नवनाथ. मालकाला पत्ता नव्हता. आता नवनाथ सोमवारपासून टेंभुर्णीला मेव्हण्याच्या हॉटेलात जाणार होता. नवनाथ गेला, की मंगळवारी मालकाला कळणार होतं. मग उरलं घडी खात्यातलं काम, टॉवेलच्या घड्या घालायचं. पगार निम्मा. भत्ता मिळाला तर त्या निम्म्यावर घर चालेल. चार टक्क्यांवर सुंदरम्माचा गहूसुद्धा निवडून होणार नाही.

"मागावर उभं राहून 'जमत न्हाय' म्हनायचं नसतं," सिद्धाप्पा आदल्या रात्री जेवताना म्हणाला. "म्हटलं की दुसऱ्या दिवशी त्या मागावर दुसरा उभा."

"उद्या माग नाही, अप्पा. उद्या टेबल आहे."

"ते खरं हाय."

"मग म्हणून बघा. जमत नाही."

सिद्धाप्पानं तोंड उघडलं. भाकरीचा तुकडा घातला आणि मिटलं.

* * *

न्यायाधिकरण भरायचं ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड. टेबलामागं तीन खुर्च्या, तिन्हींच्या पाठीला पांढरे टॉवेल. सिद्धाप्पा, रेश्मा आणि शंकरप्पा मागच्या बाकावर बसले. सिद्धाप्पानं सवयीनं तिन्ही टॉवेलांवरून नजर फिरवली आणि मधल्या खुर्चीच्या टॉवेलावर त्याची भुवई किंचित वर गेली. पण तो काही बोलला नाही. लोकांच्या घरातला माल.

मधल्या खुर्चीत न्यायाधीश येऊन बसल्या. वैजयंती घोडके. पन्नाशीच्या, बारीक, चष्मा दोरीला बांधलेला. शंकरप्पानं आयुष्यात तीन न्यायाधीश बघितले होते, तिघेही जाड होते. तो सिद्धाप्पाच्या कानात पुटपुटला, "जरा हलकं प्रकरण दिसतंय."

त्यांनी सिद्धाप्पाची फाइल उघडली आणि सगळी खोली थांबली.

त्या फाइल वाचत होत्या. म्हणजे साहेबलोक वाचतात तशी नव्हे, पान उलटून सही शोधणं नव्हे. उजव्या हाताचं पहिलं बोट ओळीवरून डावीकडून उजवीकडं सरकत होतं, ना भरभर ना हळू, एका लयीत. तिसऱ्या पानावर एका जागी ते बोट थांबलं, किंचित मागं गेलं, पुन्हा त्याच जागेवरून पुढं आलं, आणि तिथं त्यांनी पेन्सिलीनं एक बारीक टिंब केलं.

सिद्धाप्पा बाकावर ताठ झाला.

"काय झालं अप्पा?"

"त्यांना घावलं," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"काय घावलं?"

"काय ते ठाऊक न्हाय. पण घावलं. बोट बघ की."

सत्तावीस वर्षांत त्यानं कापडावर असं बोट फिरवणारी माणसं मोजून चार बघितली होती. त्यातली दोन वारली. कागदावरही असं फिरतं हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

पुकारा झाला. सिद्धाप्पा पुढं जाऊन टेबलासमोरच्या खुर्चीवर बसला. टेबलाच्या उजव्या टोकाला विम्याच्या बाजूनं एक तरुण अधिकारी होते, ऋतुराज साहेब, निळा कोट, इस्त्री इतकी कडक की कोट त्यांच्याशिवायही उभा राहिला असता. त्यांनी उठून शांतपणे सांगितलं, की अपीलकर्त्याच्या मुठीचा जोर त्याच्या वयाच्या धडधाकट माणसापेक्षाही जास्त आहे. अपीलकर्त्यानं स्वतः मंडळापुढं सांगितलंय, सगळं जमतं, काही त्रास नाही. खाली त्याची सही आहे.

"सहीसुद्धा झोकदार आहे," ते म्हणाले. हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. सही खरंच झोकदार होती.

"पाणी घेता?" न्यायाधीशांनी सिद्धाप्पाला विचारलं.

मागं शंकरप्पा पुढं सरकला. शिपायानं काचेचा पेला आणून दिला. सिद्धाप्पानं तो उजव्या हातात घेतला आणि खाली बघितलं. खाली फाइल होती. बाजूला डॉक्टरांचे कागद. दुसऱ्या बाजूला स्टेनो बाईंचं यंत्र. कुठंही पाडला तरी कुणाचं तरी नुकसान होतं. त्यानं दोन घोट पाणी पिऊन पेला टेबलाच्या कडेपासून वीतभर आत, कागदांपासून दूर, नीट ठेवला. मागून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. तो शंकरप्पाचा होता.

"सिद्धाप्पा, काम जमतं?"

सिद्धाप्पानं रेश्माकडं बघितलं. रेश्मानं मान हलवली, नाही म्हणा. सिद्धाप्पानं मोठा श्वास घेतला.

"जमतं की, साहेब."

ऋतुराज साहेबांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. रेश्मानं डोळे मिटले. न्यायाधीश बाईंच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्यांनी विचारलं, "किती माग बघता?"

"चार."

"चार मागांवर दिवसाला किती धागे तुटत असतील?"

"सुतावर हाय. शंभर, सव्वाशे."

"गाठी कोण मारतं?"

सिद्धाप्पानं वर बघितलं. खोलीतला पंखा एक फेरा अडखळून फिरला.

"नवनाथ मारतो," तो म्हणाला.

"नवनाथ कोण?"

"शेजारच्या मागांवरचा."

"तुमच्या मागांवरच्या गाठी तो का मारतो?"

सिद्धाप्पानं जरा विचार केला. "त्याला आवड हाय, साहेब."

"गाठी मारायची?"

"लई."

डावीकडच्या डॉक्टरांनी खोकला आल्यासारखं केलं. न्यायाधीशांनी अजिबात न हसता ते लिहून घेतलं. "दिवसाला सव्वाशे गाठी, आवड म्हणून. बरं. तो गाठी मारत असताना तुम्ही काय करता?"

"त्याला तंबाखू मळून देतो."

"कुठल्या हातानं?"

"डाव्या."

"पूर्वी कुठल्या हातानं मळायचात?"

"उजव्या," सिद्धाप्पा म्हणाला, आणि बोलल्यावर त्याला वाटलं की आपण काहीतरी दिलं. काय दिलं हे कळेना. बाईंनी ओढलं नव्हतं, तोडलं नव्हतं. फक्त टोक कुठं आहे ते बघितलं आणि चिमटीत धरलं. अशी गाठ त्यानं आजवर कापडाबाहेर बघितली नव्हती. भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी त्याला वाटत होतं, या बाई पुढं काय करतात ते बघावं.

"हात पुढं करा. दोन्ही. तळवे वर."

सिद्धाप्पानं हात टेबलावर ठेवले. त्या वाकल्या. चष्मा नाकावर चढवला.

"हे कधी भाजलं?"

"कुटं, साहेब?"

"उजव्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला."

सिद्धाप्पानं अंगठा डोळ्यांजवळ नेला. आतल्या बाजूला जुन्या चवलीच्या नाण्याएवढा फोड होता, फुटून सुकत आलेला. तो स्वतःच्याच अंगठ्याकडं शेजाऱ्याच्या पोराकडं बघावं तसा बघत राहिला. हा इथं कधी आला?

"अव्वा गं," मागून रेश्मा म्हणाली. "परवाचा चहा."

परवा कपाचा कान तुटला होता म्हणून त्यानं कप असाच उचलला होता, चहा प्याला होता, कप ठेवला होता. चहा छान होता एवढंच त्याच्या लक्षात होतं.

ऋतुराज साहेब उठले. आवाज मघापेक्षा खाली होता, पण उठले. "मॅडम, भाजणं कुणालाही होतं. आणि संवेदना नाही हे माणूस स्वतः सांगतो, ते मोजता येत नाही. उद्या कुणीही येऊन म्हणेल मला कळत नाही. खरं-खोटं कसं ठरवायचं?"

"बरोबर आहे," न्यायाधीश म्हणाल्या. "तोच तर प्रश्न आहे. फक्त हे सांगत नाहीयेत, साहेब. हे तर म्हणतायत की कळतं." मग सिद्धाप्पाकडं वळून, "कापडातली चूक हाताला कळते का अजून?"

आता सिद्धाप्पाला राहवेना. "हाताला कशाला, मला हितनं दिसती. तुमच्याच खुर्चीच्या टॉवेलला एक धागा गेलाय, साहेब. डाव्या काठापासनं चार बोटांवर. वरपासनं खालपर्यंत."

न्यायाधीश बाईंनी वळून टॉवेलाकडं बघितलं. डॉक्टरांनी बघितलं. शिपायानं जवळ जाऊन बघितलं. कुणालाच दिसेना. मग बाईंनी असं काही केलं जे त्या खोलीत आजवर झालं नव्हतं: त्या उभ्या राहिल्या आणि खुर्चीच्या पाठीचा टॉवेल काढला. शिपायाचा हात आपोआप पुढं आला आणि तसाच राहिला. टॉवेलाविना ती खुर्ची कुठल्याही शाळेतली वाटत होती.

शेजारच्या डॉक्टरांचाही टॉवेल त्यांनी मागून घेतला. दोन्ही टॉवेल हिरव्या कापडावर शेजारी शेजारी अंथरले.

"सिद्धाप्पा, डोळे मिटा. फक्त बोटांचे शेंडे टेकवायचे. आधी डावा हात."

डाव्या हातानं एवढाच वेळ लागला, की स्टेनो बाईंना नोंद करायला सवड मिळाली नाही. बोटं पहिल्या टॉवेलावरून गेली, दुसऱ्यावर आली, थांबली. "हा. हितं."

"डोळे मिटलेलेच ठेवा." बाईंनी डॉक्टरांना खूण केली. डॉक्टरांनी टॉवेल फिरवले, अदलाबदल केली, एक आडवा टाकला. सिद्धाप्पाच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. "आता उजवा."

उजव्या हाताची पहिली दोन बोटं टॉवेलावर टेकली आणि चालायला लागली.

ती चूक असलेल्या ओळीवरून गेली आणि पुढं निघाली. परत आली. पुन्हा त्यावरून गेली. समोर बसलेल्या सगळ्यांना ती ओळ आता दिसत होती, कारण डॉक्टरांनी तिच्या टोकाला टाचणी ठेवली होती. टाचणीशेजारून बोटं तीन वेळा गेली. सिद्धाप्पाच्या कपाळावर घाम आला. ओठ आत ओढले गेले. "थांबा साहेब," तो म्हणाला, "घावतंय." कुणी घाई करत नव्हतं, तरी तो पुन्हा म्हणाला, "घावतंय की. जुनी सवय हाय."

बोटं टॉवेलाच्या काठावरून उतरली. त्याला कळलं नाही. ती टेबलाच्या हिरव्या कापडावरून चालत राहिली, तितक्याच काळजीनं, दर दोन बोटांवर थांबत. आणि मग टेबलाच्या टोकाला ऋतुराज साहेबांचा हात टेकलेला होता, त्या कडक निळ्या बाहीवर चढली.

ऋतुराज साहेबांनी हात मागं घेतला नाही. श्वाससुद्धा घेतला नाही.

"हा दुसरा टॉवेल," सिद्धाप्पा रुमालाआडून म्हणाला. "ह्यात चूक न्हाय. ह्याचं सूत चांगलं हाय." मग जरा थांबून, "हितं घडी पडलीय वाटतं. सरळ करू का?" आणि त्यानं शेंड्यांनी हलकेच ती बाही सारखी केली, सत्तावीस वर्षं टॉवेल सारखे करत होता तशी.

शंकरप्पा मागं उभा राहिला होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

"रुमाल सोडा," न्यायाधीश म्हणाल्या.

सिद्धाप्पानं रुमाल वर केला. समोर टॉवेल नव्हता. त्यानं उजव्या हाताच्या मागोमाग बघितलं: मनगट, हात, बोटं, आणि बोटांखाली एका सरकारी अधिकाऱ्याची बाही. टॉवेल मागं राहिले होते, हातभर अंतरावर. हात त्याचाच होता. हे अंतर तो कधी चालून आला, त्याला ठाऊक नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला. मग थांबला. मग अगदी हळू म्हणाला, "न्हाय जमत."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मंडळापुढं डॉक्टरांनी केलेल्या सुईच्या टोचणीची एक ओळ तिसऱ्या पानावर आहे. तीन ठिकाणी उत्तर नाही. मुठीच्या जोराखाली ती दबून गेली होती."

मग त्या ऋतुराज साहेबांकडं वळल्या. "तुमचा प्रश्न रास्त होता. खोटं करणारा माणूस चुकायचं ठरवून येतो, त्यामुळं तो लवकर चुकतो आणि लवकर थांबतो. त्याला चूक हवी असते. हे थांबत नव्हते. यांना बरोबर यायचं होतं. बरोबर यायची धडपड करून माणूस तुमच्या बाहीपर्यंत पोचला, तर त्याच्या बोटांचं मी ऐकीन, तोंडाचं नाही. आणखी काही म्हणायचंय?"

"नाही, मॅडम," ऋतुराज साहेब म्हणाले. सारखी केलेली बाही ते दुसऱ्या हातानं चाचपून बघत होते.

दोन्ही डॉक्टरांशी त्या खालच्या आवाजात बोलल्या. अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट. डॉक्टरांनी एक तक्ता काढला. तक्त्यात तुटलेल्या बोटांचे आकडे होते, तुटलं किती पेरांवर, कुठल्या हाताचं. न तुटलेल्या बोटाची ओळच नव्हती. बाईंनी तक्ता वाचला, बोट फिरवून, शेवटपर्यंत. मग स्टेनो बाईंना म्हणाल्या, "घ्या."

आणि त्या बोलायला लागल्या. कागद न बघता.

सिद्धाप्पानं असं काही कधी ऐकलं नव्हतं. धागा तुटला की काय होतं, ते त्या सांगत होत्या. टोक डोळ्याला उशिरा दिसतं आणि बोटाला आधी कळतं, हेही सांगितलं. त्यानं तर ते सांगितलंच नव्हतं. विणकराच्या हाताचा जोर हे त्याचं भांडवल नाही, असं त्या म्हणाल्या. बोट जागेवर आहे म्हणून ते कामावर आहे असं धरता येत नाही, असं म्हणाल्या. आपल्याला बोटं मोजायची नसून त्या बोटांनी हा माणूस काय कमवू शकत होता आणि आता काय कमवू शकत नाही, ते मोजायचं आहे. नवनाथ नावाच्या सहकाऱ्याची गाठी मारण्याची आवड ही आवड नसून मदत होती, असं या न्यायाधिकरणाचं मत आहे. स्टेनो बाईंच्या यंत्राचा खडखड आवाज येत होता, एक वाक्य दुसऱ्यात ओवलं जात होतं, आणि सिद्धाप्पाचा हात, त्याचा स्वतःचा, तिथं समोर विणला जात होता. कुठं एक धागा निसटला नाही. तो तोंड उघडं ठेवून बघत होता.

"...सबब मंडळाचा चार टक्क्यांचा निर्णय रद्द. कायमचं अपंगत्व तीस टक्के निश्चित करण्यात येतं. इजेनंतर तात्पुरती रजा संपली त्या दिवसापासून भत्ता लागू."

रेश्मानं तोंडावर ओढणी धरली.

"साहेब," सिद्धाप्पा खुर्चीतनं अर्धा उठला. "तीस म्हंजे जरा जास्त होतंय. तंबाखूची चुना-डबी अजून उघडतो मी ह्याच हातानं."

"अप्पा!" रेश्मा ओरडली.

बाईंनी पहिल्यांदाच चष्मा काढला. "तुमचं म्हणणं ऐकलं," त्या म्हणाल्या. "नोंदवा, आणि फेटाळलं म्हणून लिहा."

स्टेनो बाईंनी तसं लिहिलं. निकालाच्या प्रतीत ते आजही आहे, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात.

बाहेर व्हरांड्यात रेश्मानं फोन काढून सुंदरम्माला लावला आणि रडत-हसत "तीस, अव्वा, तीस" म्हणत राहिली. सोमवारी नवनाथ गेला तरी चालेल, घडी खात्यात जाऊ दे, भागतंय. शंकरप्पा रिक्षा बोलवायला खाली धावला. जिंकलेल्या माणसासाठी तो पहिल्यांदाच जिना उतरत होता आणि त्याला दोन पायऱ्या जास्त आहेत असं वाटलं.

"चला अप्पा," फोन ठेवून रेश्मा म्हणाली. मागं वळली तर अप्पा नव्हते.

सिद्धाप्पा परत आत गेला होता. मागच्या बाकावर, भिंतीला टेकून, पायातल्या चपला काढून मांडी घालून बसला होता. टॉवेल पुन्हा खुर्चीवर गेला होता. पुढच्या प्रकरणातला करकंबचा एक माणूस काखेत कुबडी घेऊन पुढं चालला होता.

रेश्मा बाकाशी वाकली. "अप्पा, आपलं झालं."

"झालं की."

"मग?"

"तू जा म्होरं. अव्वाला म्हनावं जेवायला थांबू नको." त्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. समोर बाईंनी नवी फाइल उघडली होती, आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीवर त्यांचं बोट टेकलं होतं. "गप बस जरा," सिद्धाप्पा म्हणाला. "आता सुरू करत्यात."